जोराच्या आडव्या वाऱ्यात छोटं विमान उतरवणं किती अवघड असतं?

तुम्ही विचारलंय की वारा जोराचा असताना छोटं विमान धावपट्टीकडे तिरकं तिरकं का येतं आणि अशा वेळी वैमानिक आत नेमकं काय करत असतो. मी हौशी वैमानिक आहे, एका इंजिनाचं, चार सीटचं सेसना 172 चालवते. मोठ्या जेट विमानांबद्दल मी बोलणार नाही. आडव्या वाऱ्यात मात्र बऱ्याचदा उतरले आहे, आणि एकदा उतरता आलं नाही, तेही सांगते.

आधी तिरकेपणाचं. वाहत्या नदीत समोरचा घाट गाठायचा असेल तर नावाडी होडीचं तोंड घाटाकडे धरत नाही, प्रवाहाच्या वरच्या अंगाला धरतो. विमानाचंही तेच. वारा डावीकडून असेल तर नाक डावीकडे वळवून ठेवायचं, म्हणजे विमान खेकड्यासारखं तिरकं दिसतं पण धावपट्टीच्या रेषेत पुढे सरकतं. खालून बघणाऱ्याला हा प्रकार भीतीदायक वाटतो, आत बसलेल्याला अजिबात नाही. खरी कसोटी शेवटच्या काही सेकंदांची असते, कारण चाकं तिरकी टेकवून चालत नाही. तशी टेकली तर सगळा भार आडवा येतो आणि पाय मोडू शकतात. विमानाचे, म्हणजे.

म्हणून टेकायच्या आधी नाक सरळ करावं लागतं. डावीकडच्या वाऱ्यात उजवा रडर (शेपटीवरचं सुकाणू, ते पायाने फिरवतात) दाबायचा, की नाक रेषेत येतं. पण नाक सरळ झालं की वारा लगेच विमानाला उजवीकडे ढकलू लागतो, म्हणून त्याच वेळी एलेरॉन (पंखांच्या टोकांकडच्या, हाताने फिरवायच्या पट्ट्या) डावीकडे देऊन डावा पंख खाली झुकवायचा. हात एकीकडे, पाय दुसरीकडे. शिकताना हे डोक्यात शिरायला मला फार वेळ लागला, कारण गाडी चालवणाऱ्या माणसाचे हात आपोआप जिकडे जायचं तिकडे वळतात. नीट जमलं तर आधी डावं चाक टेकतं, मग उजवं, मग नाकाचं. एका चाकावर टेकलेलं विमान पाहून लोक म्हणतात, 'वाकडं उतरवलं.' उलट ते बरोबर असतं.

सेसना 172 च्या पुस्तिकेत आडव्या वाऱ्याचा आकडा 15 नॉट दिलेला आहे, म्हणजे ताशी साधारण 28 किलोमीटर. ही कायद्याने घातलेली मर्यादा नाही. चाचणीत इतक्या वाऱ्यात उतरवून दाखवलं होतं, एवढाच त्याचा अर्थ. पण उतरवून दाखवणारा मुरलेला चाचणी वैमानिक होता, हे मी विसरत नाही. आणि हा आकडा फक्त आडव्या भागाचा आहे. वारा धावपट्टीशी 30 अंशांत असेल तर त्याचा निम्मा जोर आडवा लागतो, 45 अंशांत साधारण 70 टक्के, 60 च्या पुढे जवळजवळ सगळाच.

आता त्या दिवसाचं. दुपारची वेळ, शेजारी मैत्रीण, समोर धावपट्टी 27, म्हणजे 270 अंशांकडे, पश्चिमेकडे तोंड असलेली. वारा 220 अंशांवरून, म्हणजे डावीकडून तिरका, 18 नॉट, मधूनच येणारे झोत 25 चे. पन्नास अंशांचा फरक, म्हणजे आडवा भाग 14 च्या आसपास आणि झोत आला की 19. नेहमी मी 65 नॉटवर येते. झोत असले की मूळ वारा आणि झोत यांच्यातल्या फरकाचा निम्मा वेग वर धरायचा, म्हणून 68-69 धरले, आणि फ्लॅप (पंखांमागच्या, कमी वेगात उतरायला मदत करणाऱ्या पट्ट्या) पूर्ण न सोडता 20 अंशांवरच ठेवले. वेग हवा तेवढाच वाढवायचा, हेही महत्त्वाचं. टेकताना वेग 10 टक्के जास्त असला तर थांबायला साधारण 20 टक्के जास्त पट्टी लागते. घाबरून आणखी दहा नॉट वाढवणारे लोक मग पट्टीवर तरंगत राहतात, आणि तरंगणाऱ्या विमानाशी वारा वाट्टेल ते खेळ करतो.

धावपट्टीवर पंधरा-वीस फूट उंचीवर नाक सरळ करायला उजवा रडर दाबला. दाबत गेले. पाय पूर्ण खाली गेला, पुढे जागाच उरली नाही, आणि नाक तरीही किंचित डावीकडेच. माझ्या मते याहून प्रामाणिक इशारा नाही. रेडिओवर सांगितलेला वारा दोन मिनिटं जुना असू शकतो, विंडसॉक, म्हणजे वारा दाखवणारा कापडी मोजा, पट्टीच्या दुसऱ्या टोकाला असू शकतो, पण रडर संपला म्हणजे आत्ता, इथे, हा वारा या विमानाच्या आवाक्याबाहेर आहे.

पूर्ण थ्रॉटल दिला, म्हणजे इंजिनाची सगळी ताकद. गो-अराउंड, म्हणजे न उतरता पुन्हा वर जाणं, हा शब्द ऐकायला सोपा वाटतो, पण उतरण्यासाठी ट्रिम केलेल्या (हाताने जोर न लावता त्या वेगाला स्थिर राहील असं लावलेल्या) विमानाला एकदम ताकद दिली की नाक वर उसळतं आणि डावीकडे ओढलं जातं. हात ताणून नाक खाली दाबून धरावं लागतं. ते सोडलं तर विमान इतक्या खाली स्टॉल होऊ शकतं, म्हणजे पंखांची उचल जाऊन कोसळू शकतं, आणि सावरायला उंचीच नसते. फ्लॅपही एका झटक्यात नाही, टप्प्याटप्प्याने वर घ्यायचे. मैत्रीण म्हणाली, "अगं, काय झालं?" मी म्हटलं, "काही नाही, परत बघू." आवाज मात्र नेहमीपेक्षा वर गेला होता, हे तिने नंतर सांगितलं.

दुसऱ्यांदा आले तेव्हा रडर पुरला. अगदी टेकता टेकता झोत आला, विमान चार-पाच फूट वर उचललं गेलं आणि झोत ओसरल्यावर धपकन खाली यायला लागलं. पुन्हा थ्रॉटल. तिसऱ्यांदा जमलंही असतं कदाचित. पण दोनदा हुकल्यावर माणूस विमान उतरवत नाही, इभ्रत सांभाळायला लागतो. मला तर तेव्हा कडेला उभे असलेले दोन वैमानिक दिसत होते आणि ते काय बोलत असतील हेच डोक्यात होतं. हे लक्षात आलं आणि मी वळले.

साधारण 25 किलोमीटरवर दुसरं मैदान होतं, तिथली धावपट्टी 22. म्हणजे तोच वारा नाकासमोर. टाकीत तासाभराचं जास्तीचं इंधन होतं म्हणून हा पर्याय होता. काटा तळाला असता तर मी तिसरा प्रयत्न केला असता, आणि तो नाइलाजाने. तिथे मात्र विमान जमिनीच्या हिशोबाने जेमतेम 45-50 नॉटने आलं, अलगद टेकलं आणि पट्टी अर्धीसुद्धा लागली नाही. पार्किंगकडे जाताना वारा मागून तिरका लागला, तेव्हा कंट्रोल वाऱ्याच्या उलट बाजूला फिरवून आणि पुढे दाबून धरला. उतरल्यावर हात सैल सोडणाऱ्यांची विमानं पार्किंगच्या वाटेवर उलटतात. विमान दोरांनी बांधलं तेव्हा कुठे माझा उजवा पाय थरथरतोय हे कळलं.

दुपारचा असा झोतांचा वारा बऱ्याचदा जमीन तापल्यामुळे असतो, ऊन उतरलं की पडतो. सहानंतर विंडसॉक लोंबायला लागला. आम्ही परत निघालो, दहा-बारा मिनिटांत धावपट्टी 27 वर आलो. वारा 4 नॉट. आणि त्या शांत हवेत मी विमान असं काही आपटलं की मैत्रिणीचा गॉगल तिच्या मांडीवर पडला.