भास कुठला, खरं कुठलं हे कळेनासं होतं असे भयपट सुचवा. कोकणातला एखादा आहे का?

कोकणातला म्हणून सगळे ‘तुंबाड’ (२०१८) सांगतील, पण त्यातला हस्तर हा शापित देव खराच असतो, तो इथे बसत नाही. पोलान्स्कीचा ‘रिपल्शन’ (१९६५) बघा. भिंतींना तडे जातात, भिंतीतून हात बाहेर येतात आणि खरं काय ते समजवायला कुणी येत नाही. त्यातली मुलगी खूनही करते, पण तोवर आपण तिच्याच डोळ्यांनी बघत असतो. मग ‘जेकब्ज लॅडर’ (१९९०). ज्याला भास होतात त्याला बाहेरून, भूत बघावं तसं दाखवणारे सिनेमे मला सहन होत नाहीत.

कारण आमच्या वेंगुर्ल्याच्या घरात हे घडलंय. आजीला काचबिंदू होता, नजर जवळजवळ गेलेली. तिन्हीसांजेला तिला पडवीत रंगीत कपड्यांतली पोरं बसलेली दिसायची. ती शांतपणे सांगायची, “माका ठाऊक आसा ती खरी नाय. पण दिसतत.” काकांनी ‘बाहेरचं’ ठरवून टाकलं. देवळात गाऱ्हाणं घातलं, दारावर नारळ बांधला, नातवंडांना तिच्या खोलीत झोपायची बंदी केली. आजी पुढे बोलेनाशीच झाली. तिला पोरांची भीती कधीच वाटली नव्हती, तिला घरच्यांची वाटायला लागली.

शेवटी डोळ्यांच्या डॉक्टरांनी सांगितलं की नजर कमी झाली की मेंदू स्वतःच चित्रं तयार करतो. याला चार्ल्स बॉनेट सिंड्रोम म्हणतात. बॉनेट या स्विस निसर्ग-अभ्यासकाने १७६० मध्ये आपल्या आजोबांचं असंच वर्णन लिहून ठेवलं होतं. हे वेड नव्हे. पुढे भास कमी झाले, तर काका आजही गणपतीत सगळ्यांसमोर म्हणतात, नारळानेच झाले. नाही हो काका. अनेकांचे ते काळाने आपसूक कमी होतात, नारळ बांधा नाहीतर नका बांधू.

तेव्हा घरातलं म्हातारं माणूस असं काही सांगू लागलं तर आधी डोळे तपासा, गाऱ्हाणं नंतर. मात्र भास अचानक सुरू झाले, सोबत ताप किंवा गोंधळलेपण असेल, नवं औषध चालू असेल किंवा दिसतंय ते खरंच आहे असं ते माणूस मानत असेल, तर ते प्रकरण वेगळं. त्याच दिवशी दवाखान्यात न्या.

दिसतंय ते खोटं आहे हे पक्कं ठाऊक असलेली म्हातारी मध्यभागी ठेवून केलेला भयपट मला अजून सापडलेला नाही. तुम्हाला माहीत असेल तर खाली लिहा, मी आजच बघेन.