रंग शेवटी: जुन्या पिकअपबद्दल वाचकांचे प्रश्न

पाऊस पुरता थांबला की बेळगाव, खानापूर, निपाणी, चिकोडी भागात शेडमध्ये ताडपत्रीखाली उभ्या असलेल्या टाटा २०७ आणि महिंद्राच्या जुन्या पिकअप बाहेर निघतात. या वेळच्या बऱ्याच पत्रांत पहिली चौकशी रंगाची आहे. आमचा क्रम उलटा आहे. ही ओझं वाहणारी गाडी आहे, त्यामुळे आधी चासी, मग ब्रेक, मग इंजिन आणि वायरिंग. गाडी महिनाभर नीट चालली की मग रंग.

प्रश्न (खानापूर): केबिनची फरशी ड्रायव्हरच्या पायाखाली सडली आहे, दाराखालचे कोपरेही गेलेत. गॅरेजवाले म्हणतात, वरून पत्रा रिव्हेट करून पुट्टी भरू. चालेल का?

नाही. गंजलेल्या पत्र्यावर नवा पत्रा ठेवला की दोघांच्या मधे पाणी अडकतं आणि दोन पावसाळ्यांत नवाही जातो. आधी पाणी कुठून येतं ते शोधा. फरशीवरचं रबर मॅट आणि त्याखालचं नमदा-गोणपाट काढून टाका. एकाने केबिनमध्ये टॉर्च घेऊन बसायचं आणि दुसऱ्याने बाहेरून पाइपने पाणी मारायचं: आधी खालून दाराच्या रबरावर, मग पुढच्या काचेच्या खालच्या कडेला, शेवटी वायपरजवळच्या जाळीवर. वरून सुरुवात केली तर पाणी सगळीकडून ओघळतं आणि गळती नेमकी कुठली ते कळत नाही. काचेचं रबर कडक होऊन कोपऱ्यात आकसलेलं असेल तर नवं रबर टाकल्याशिवाय फरशीला हात लावू नका.

मग चासी तपासा. तुमच्याकडची तांबडी माती हौदा (माल ठेवायचा मागचा भाग) आणि चासी यांच्यामधल्या लाकडी पट्टीखाली बसते आणि दिवाळीपर्यंत ओली राहते. मागच्या पाट्याचे (पट्टीच्या स्प्रिंगचे) हँगर, त्याच्या शेजारची आडवी मेंबर आणि केबिन माउंटिंगच्या जागा पाण्याच्या प्रेशरने धुवा, दोन दिवस उन्हात वाळू द्या, मग छोट्या हातोडीने दर दोन इंचावर ठोका. चांगलं लोखंड खणखणतं. सडलेल्या जागी आवाज दबका येतो आणि पापुद्रे सुटतात. तिथे टोच्या आत शिरला तर तो भाग कापायचाच. चासीच्या मुख्य दांड्यावर आडवं वेल्डिंग करू नका, तिथूनच पुढे भेग जाते. मुख्य दांडा गेला असेल तर हे काम घरचं नाही.

फरशीसाठी १.२ मिमी (१८ गेज) सीआरसी (कोल्ड रोल्ड) पत्रा घ्या, बाहेरच्या कोपऱ्यांना १ मिमीच्या आसपास चालतो. गंज दिसतो त्याच्या पुढे किमान एक इंच चांगल्या पत्र्यात कापा. ठिगळाचे कोपरे गोल ठेवा, काटकोनी कोपऱ्यातून तडा जातो. दाराखालचा भाग कापण्याआधी दाराच्या चौकटीत एक इंची चौकोनी पाइप आडवा लावून वेल्डिंगचे टाके मारून ठेवा. नाहीतर केबिन खाली बसते आणि काम झाल्यावर दार लागत नाही. साध्या आर्क वेल्डिंगने एवढा पातळ पत्रा जळून भोकं पडतात, म्हणून ०.८ मिमी वायरचं मिग वापरा. अर्धा-पाऊण इंचावर एक टाका, लगेच दुसरा त्याच्या शेजारी नको, समोरच्या बाजूला. हात टेकवता येईल इतकं गार झालं की पुढचा. सलग ओढत गेलात तर पत्रा फुगतो, आणि तो फुगवटा लपवायलाच मग किलोभर पुट्टी लागते.

वेल्डिंगआधी बॅटरीची दोन्ही टोकं आणि अल्टरनेटरची वायर काढा, डिझेल टाकी उतरवून लांब ठेवा. रिकाम्या टाकीतली वाफही पेट घेते, त्यामुळे टाकीला घरी वेल्डिंग कधीच नको. शेवटी दोन्ही बाजूंनी इपॉक्सी प्रायमर, सांध्यावर सीम सीलर, पोकळ भागात कॅव्हिटी वॅक्स. फरशीतली आणि दाराखालची पाणी निघायची भोकं मोकळी राहिली आहेत ना, हे तार घालून बघा.

प्रश्न (निपाणी): तंबाखूच्या वखारीत पिकअप बरीच वर्षं उभी होती. इंजिन जाम आहे. ट्रॅक्टरने ओढून चालू करावी का?

अजिबात नको. पिस्टनच्या रिंगा बोअरला (सिलिंडरच्या आतल्या भिंतीला) चिकटलेल्या असताना ओढलंत तर रिंग तुटते, कनेक्टिंग रॉड वाकतो आणि जे काम हजारांत झालं असतं ते लाखाच्या घरात जातं.

पहिल्यांदा जाम नक्की काय आहे ते बघा. फॅन बेल्ट काढा, कारण कधी कधी वॉटर पंप किंवा अल्टरनेटर धरलेला असतो. सेल्फ खोला, त्याचा दात फ्लायव्हीलमध्ये अडकलेला असू शकतो. गिअर न्यूट्रलला आहे याची खात्री करा. एवढं करूनही क्रँक हलत नसेल तर सगळे नोझल (डिझेल फवारणारे) काढा आणि प्रत्येक सिलिंडरमध्ये साधारण ५० मिली मिश्रण सोडा: अर्धं डिझेल, अर्धं ऑटोमॅटिक गिअरचं ऑइल. नोझलच्या भोकांवर कापड ठेवा. तीन-चार दिवस थांबा, रोज थोडं वाढवा. मग पुढच्या पुलीच्या नटला गोटी (सॉकेट पाना) आणि लांब दांडा लावून इंजिन फिरायच्या दिशेने हळू दाब द्या. किंचित हललं तर लगेच पूर्ण फिरवू नका, थोडं मागे, थोडं पुढे. जोर दांड्यावर उभं राहून लावायचा नाही. आठवडाभरात हललं नाही तर हेड खोलायला लागेल, आणि बहुधा एका सिलिंडरमध्ये पाणी गेल्याचा तांबडा पट्टा दिसेल.

फिरायला लागलं की घाई सुरू होते, आणि नुकसान तिथेच होतं. रॉकर कव्हर काढून हाताने दोन फेरे द्या आणि प्रत्येक व्हॉल्व्ह परत वर येतो का ते बघा. एखादा खाली अडकून राहिला तर पिस्टन त्यावर आपटतो आणि पुशरॉड वाकतो. अडकलेल्या व्हॉल्व्हच्या दांड्यावर तेच मिश्रण सोडून हलक्या हाताने प्लास्टिक हातोडी मारा.

जुनं डिझेल, टाकीतला काळा गाळ, सगळं काढा. टाकी धुवा, फिल्टर बदला. पंप आणि नोझल बेंचवर कॅलिब्रेशनला द्या, हा खर्च वाचवू नका. वर्षानुवर्षं उभ्या राहिलेल्या पंपाचा रॅक (डिझेल कमी-जास्त करणारा दांडा) पूर्ण डिझेलच्या जागी चिकटलेला असू शकतो, आणि तसं इंजिन सुरू झालं तर ते चावीने बंद होत नाही, फिरत फिरत स्वतःला फोडून घेतं. म्हणून पहिल्या स्टार्टच्या वेळी एअर क्लीनरचा पाइप काढून ठेवा आणि मॅनिफोल्डचं (इंजिनात हवा जायच्या नळीचं) तोंड झाकेल असा प्लायवुडचा तुकडा एका माणसाच्या हातात द्या. इंजिन बेफाम झालं तर तो तुकडा दाबायचा. हाताचा तळवा लावायचा नाही.

नवं १५डब्ल्यू-४० ऑइल, नवा ऑइल फिल्टर, नवं कूलंट. नोझल बसवण्याआधी ऑइलचा दाब दिसेपर्यंत सेल्फ मारा, दर वेळी दहा सेकंदांहून जास्त नाही. नोझल बसवल्यावर फिल्टरवरच्या स्क्रूने आणि नोझलच्या पाइपच्या नटांवर हवा काढा. सुरू झाल्यावर धूर बघा. पांढरा धूर इंजिन गरम झाल्यावर जायला हवा. निळा राहिला तर ऑइल जळतंय, म्हणजे रिंगा किंवा व्हॉल्व्ह सील. बोअरिंगची वेळ आली तर उद्यमबागेत मशिन शॉप भरपूर आहेत, पण आधी पिस्टन विकत घ्या आणि ते पिस्टन सोबत द्या. पिस्टन मोजूनच बोअर करायचा असतो, नुसत्या ओव्हरसाइझच्या आकड्यावर नाही.

प्रश्न (बेळगाव, वडगाव): चोर्ला घाट उतरताना पेडल खाली जातं. व्हील सिलिंडरचं किट दोनदा बदललं, महिन्याभरात पुन्हा गळतं.

किट नवं असेल, सिलिंडर जुनाच आहे. रबर काढून आतल्या भिंतीवर नख फिरवा. नख अडकलं म्हणजे गंजाचे खड्डे पडलेत. त्यावरून नवं रबर घासून फाटतं. सिलिंडर पूर्ण बदला. भाग धुवायला पेट्रोल, रॉकेल, इंजिन ऑइल वापरलं जात असेल तर ते बंद करा. त्याने रबर फुगतं. फक्त ब्रेक ऑइलनेच धुवायचं.

पेडलची लक्षणं वेगवेगळी असतात. पाय दाबून धरला आणि पेडल हळूहळू खाली चाललं, बाहेर कुठेच ओल नाही, तर मास्टर सिलिंडरचं रबर आतून सोडतंय. स्पंजसारखं लागतं तर हवा आहे. पहिल्यांदा खाली, दुसऱ्या दाबात वर येतं तर ब्रेक शू ड्रमपासून लांब राहिलेत. आणि घाटात शेवटच्या टप्प्यातच पेडल जातं, गार झाल्यावर परत येतं, तर ब्रेक ऑइल उकळतंय. ब्रेक ऑइल हवेतला ओलावा शोषतं. नवं डॉट ३ दर्जाचं ऑइल २०५ अंशांच्या वर टिकतं, ओलावा शोषलेलं १४० च्या आसपास उकळू शकतं. तुमच्या वर्णनावरून सिलिंडर आणि ऑइल दोन्हींचा दोष वाटतो. डॉट ४ घाला, सीलबंद लिटरचा डबा आणा, जुनं सगळं बाहेर काढा. हवा काढताना मास्टरपासून सगळ्यात लांबच्या चाकापासून सुरुवात: मागचं डावं, मागचं उजवं, पुढचं डावं, पुढचं उजवं.

मागच्या शूवर गिअर ऑइलची ओल असेल तर सील बदलून थांबू नका. एक्सलच्या वरचा ब्रीदर (आतली हवा बाहेर सोडणारं भोक) बघा. तो मातीने बुजला की गरम ऑइल सील ढकलून बाहेर येतं. ऑइल प्यायलेलं लायनिंग धुवून परत लावायचं नसतं. ड्रम लेथवर लावणार असाल तर एका एक्सलचे दोन्ही सारखे लावा, आणि ड्रमवर कोरलेल्या कमाल मापापुढे जाऊ नका. घाट ज्या गिअरमध्ये चढला असता त्याच गिअरमध्ये उतरा. उतारावर इंजिन बंद करू नका: या डिझेल गाड्यांत ब्रेक हलका करणाऱ्या बूस्टरचा व्हॅक्यूम अल्टरनेटरवरच्या पंपातून येतो.

प्रश्न (अथणी): ऊस-भाजीच्या भाड्यासाठी मागे एक जादा पाटा टाकू का?

पाटा चपटा झाला असेल तर त्याला पुन्हा कमान देऊन जुना ताण परत आणा, सेंटर बोल्ट आणि यू-बोल्ट नवे घाला. जादा पाट्याने चासी आणि एक्सलची क्षमता वाढत नाही. शिवाय बऱ्याच पिकअपमध्ये मागे भार ओळखणारा ब्रेक व्हॉल्व्ह असतो. गाडी उंच राहिली की त्याला वाटतं गाडी रिकामी आहे, आणि तो मागचा ब्रेक कमी करतो.

प्रश्न (येळ्ळूर): बॅटरी नवी, तरी सेल्फ ओढत नाही, हेडलाइट मंद.

अर्थ बघा. मल्टिमीटरचं एक टोक बॅटरीच्या निगेटिव्हवर, दुसरं इंजिन ब्लॉकवर, आणि सेल्फ मारा. अर्ध्या व्होल्टपेक्षा जास्त दिसलं तर अर्थची पट्टी किंवा तिचा बोल्ट खराब आहे. रंग, गंज खरवडून बेअर लोखंडावर नवी पट्टी बसवा. हेच केबिन आणि चासीमध्येही करा. इंजिन चालू असताना बॅटरीवर १३.८ ते १४.४ व्होल्ट यायला हवेत.

प्रश्न (चिकोडी): कोल्हापूरहून एमएच ०९ ची जुनी पिकअप घेतली आहे. काम सुरू करू की कागदपत्रं आधी?

कागदपत्रं आधी. गाडी एका राज्यातून दुसऱ्या राज्यात बारा महिन्यांपेक्षा जास्त ठेवायची असेल तर इथला नंबर घ्यावा लागतो. त्यासाठी कोल्हापूर आरटीओची एनओसी (फॉर्म २८), मग चिकोडीत केए २३ च्या नंबरसाठी फॉर्म २७, मालकी बदलाचे फॉर्म २९ आणि ३०, कर्ज असेल तर बँकेचा फॉर्म ३५. थकीत कर आणि चलनं आधी भरून घ्या, ती राहिली की एनओसी अडते.

आरसीवरचा चासी नंबर आणि इंजिन नंबर स्वतः बघून, कार्बन लावून ट्रेस घेऊन ठेवा. चासीवरची ती जागा ग्राइंडर आणि जाड रंगापासून वाचवा, तिथे मास्किंग टेप लावा. नंबर अस्पष्ट झाला तर तपासणीत गाडी थांबते. इंजिन दुसरं बसवणार असाल तर आरटीओची परवानगी आणि नोंद लागते. आठ वर्षांवरच्या मालवाहू गाडीला दरवर्षी फिटनेस लागतो, हेही खर्चात धरा.

प्रश्न (जांबोटी): गॅरेज बंदिस्त आहे. जुलैमध्ये घरीच रंग मारला तर?

जुलैत नको. तुमच्याकडच्या पावसात पत्रा कोरडा वाटला तरी ओला असतो, रंग पांढरट पडतो आणि कंप्रेसरच्या पाइपमधून पाण्याचे थेंब येतात. नोव्हेंबर ते फेब्रुवारी, सकाळचं दव उडाल्यावर काम सुरू करा आणि संध्याकाळी गारवा पडण्याआधी थांबा. वॉटर ट्रॅप बंदुकीच्या जवळ लावा, कंप्रेसरजवळ नाही, कारण पाणी पाइपमध्ये गार होऊन जमतं.

पुट्टी दोन-तीन मिमीपेक्षा जाड भरू नका. ८० नंबरच्या घासकागदाने आकार द्या, १८० ने साफ करा, प्रायमरला ३२०, आणि रंगाआधी ६०० च्या पाण्याच्या कागदाने. प्रायमरसाठी १.६ ते १.८ मिमी, रंगासाठी १.३ किंवा १.४ मिमीचा नोझल. दोन कोटांमध्ये दहा ते पंधरा मिनिटं. घाईने जाड कोट दिला की दाराच्या खालच्या कडेला ओघळ येतात.

पीयू (पॉलियुरेथेन) रंगाच्या हार्डनरमध्ये आयसोसायनेट असतं. त्याने दमा जडतो आणि एकदा जडला की थोड्या वासानेही उसळतो. कापडी मास्क किंवा धुळीचा मास्क याला अजिबात थांबवत नाही. बाहेरून ताजी हवा देणारा मास्क नसेल तर चासी, तळ आणि हौद्याचा आतला भाग ब्रशने इपॉक्सीत घरी करा आणि बाहेरचा पीयू बूथवाल्याला द्या. आरसीवर लिहिलेल्या रंगापेक्षा वेगळा रंग ठरवला असेल तर बूथवर गाडी नेण्याआधीच आरटीओत चौकशी करून नोंदीची व्यवस्था करा.