मन खुश, तर मीठ बाहेर?

प्रश्न : इतवारीत माझं किराण्याचं दुकान आहे. वय ५२, बीपीची गोळी सुरू आहे. मुलीच्या बीएस्सीच्या पुस्तकात वाचलं की डोपामाइन आणि सेरोटोनिन ही मूडशी जोडली जाणारी रसायनं मूत्रपिंडातही तयार होतात आणि लघवीतून सोडियम किती जायचं यावर त्यांचा परिणाम होतो. म्हणजे मन खुश असलं की मीठ आपोआप बाहेर पडतं काय? एका मित्राने मूडसाठी ‘५-एचटीपी’च्या कॅप्सूल ऑनलाइन मागवल्यात, त्या मीही घेऊ काय? आणि आपल्याकडे मे महिन्यात एवढा घाम जातो, तर मीठ कमी करायची गरज आहे काय?

उत्तर : भाऊ, पुस्तक बरोबर आहे, तुमचा निष्कर्ष तेवढा नाही. मोबाईलवर ज्याचा गाजावाजा चाललाय ते मेंदूतलं डोपामाइन. मेंदू आणि रक्त यांच्यामधला पडदा डोपामाइनला ओलांडता येत नाही. मूत्रपिंड आपल्यापुरतं आपणच बनवतं, तुमचं मन रमो की न रमो.

आधी हिशेब बघा, तुम्हाला तो लवकर कळेल. दोन्ही मूत्रपिंडं दिवसाला सुमारे १८० लिटर द्रव रक्तातून गाळतात. त्यातलं सोडियम मिठात मोजलं तर जवळपास दीड किलो भरतं! त्यातलं ९९ टक्क्यांहून जास्त परत रक्तात घेतलं जातं, आणि बहुतेक काम मूत्रपिंडातल्या बारीक नळीच्या पहिल्याच भागात उरकतं; दोन तृतीयांश सोडियम तिथेच परत येतं. लघवीतून जातं ते काही ग्रॅम. त्यामुळे या पहिल्या भागाने हात थोडा जरी सैल सोडला तरी बाहेरचा आकडा चांगलाच हलतो.

हात सैल करणारं ते डोपामाइन. नळीच्या पेशी रक्तातून आणि गाळलेल्या द्रवातून एल-डोपा उचलतात आणि एका विकराच्या (एन्झाइमच्या) मदतीने त्याचं डोपामाइन करतात. ते पेशीबाहेर येऊन तिथल्याच डी-१ जातीच्या ग्राहकांवर (रिसेप्टरवर, म्हणजे पेशीवरच्या निरोप घेणाऱ्या जागांवर) बसतं. मग सोडियम आत ओढणारा पेशीच्या तोंडाशी असलेला वाहक मंदावतो, आणि मागच्या बाजूने ते रक्ताकडे ढकलणारा पंपही. जेवणात मीठ वाढलं की मूत्रपिंडातलं डोपामाइन वाढतं, मीठ तुटलं की घटतं.

गंमत पुढे आहे. तोच विकर ५-एचटीपीपासून सेरोटोनिनही बनवतो. तुमच्या शेजारच्या तेलघाण्यात जवस टाकलं तर जवसाचं तेल, तीळ टाकले तर तिळाचं, तसंच. फक्त इथे दोन्ही माल एकमेकांच्या उलट वागतात : डोपामाइन सोडियम घालवतं, सेरोटोनिन राखून ठेवतं. मूत्रपिंडात जाऊन सेरोटोनिन होईल असा पदार्थ निरोगी माणसांना देऊन पाहिला, तेव्हा त्यांच्या लघवीतलं सोडियम कमी झालं.

आता त्या कॅप्सूल. बीपीच्या माणसाने सोडियम राखणाऱ्या मालाचा कच्चा माल मूडच्या नावाखाली का गिळावा, हे मला तरी उमगत नाही. तुमच्या बीपीवर त्याने नक्की किती फरक पडेल, हे मी छातीठोकपणे सांगणार नाही; पण नैराश्याची गोळी सुरू असलेल्यांनी तर ५-एचटीपी मुळीच घेऊ नये, शरीरात सेरोटोनिनचा अतिरेक होऊन जिवावर बेतू शकतं. मित्रालाही हे सांगा.

राहिला घाम. उन्हाची सवय झाली की शरीर घामातलं मीठही वाचवायला लागतं. उन्हात दिवसभर राबणाऱ्या मजुराची गोष्ट वेगळी. दुकानात पंख्याखाली बसणाऱ्याची ती नाही. जागतिक आरोग्य संघटना दिवसाला पाच ग्रॅमच्या आत मीठ सांगते, म्हणजे एक सपाट चहाचा चमचाही नाही, आणि त्यात लोणचं, पापड, शेव, तर्री-पोह्यांवरचा चिवडा सगळं धरलेलं. शिवाय उच्च रक्तदाबाच्या काही रुग्णांत डोपामाइन तयार होतं, पण डी-१ ग्राहक त्याला दाद देत नाहीत. त्यामुळे मूत्रपिंड सांभाळून घेईल या भरवशावर बीपीवाल्याने राहू नये. रविवारी सावजी खा, सोबतचा पापड ठेवा बाजूला.

प्रश्न : वडील आयसीयूत होते तेव्हा ‘किडनी वाचवायला थोडं डोपामाइन लावा’ असा आग्रह एका नातेवाइकाने धरला होता. डॉक्टरांनी नकार दिला. त्यांचं बरोबर होतं का? — एक वाचक, काटोल रोड

उत्तर : बरोबर होतं. कमी मात्रेतल्या डोपामाइनने लघवी वाढते, म्हणून एके काळी ते सर्रास लावत. ऑस्ट्रेलिया आणि न्यूझीलंडच्या अतिदक्षता विभागांतल्या ३२८ रुग्णांवरचा अभ्यास २००० साली प्रसिद्ध झाला. त्यात मूत्रपिंड वाचवण्यात डोपामाइन आणि नुसतं सलाईन यांत फरक दिसला नाही. पिशवीत लघवी जास्त दिसली की घरच्यांना धीर येतो, पण तेवढ्यावरून मूत्रपिंड सुधारलं असं होत नाही. उलट डोपामाइनने हृदयाचे ठोके बिघडण्याचा धोका असतो. बीपी फारच पडलं असेल तर आता सहसा नॉरॲड्रेनॅलिन हे बीपी वाढवणारं औषध आधी लावतात.