कबड्डी सोडून रग्बीत जावं का? लीग रग्बी सोडून युनियन रग्बीत गेलेल्या सॅम बर्जेससारखी फसगत तर होणार नाही ना?

जरूर जा. लीग आणि युनियन ही रग्बीचीच दोन वेगळी रूपं. जेसन रॉबिन्सन २००० साली विगन क्लबकडून लीग खेळणं सोडून सेल शार्क्स क्लबकडून युनियन खेळायला लागला आणि २००३च्या विश्वचषक फायनलमध्ये इंग्लंडचा एकमेव ट्राय (बॉल समोरच्या गोलरेषेपलीकडे टेकवणं) त्यानेच केला. समोर ऑस्ट्रेलियाच्या दोन्ही विंगांवर, म्हणजे मैदानाच्या कडांना, टुकिरी आणि सेलर, तेही लीगमधूनच आलेले. म्हणजे खेळ बदलता येतो.

पण ‘बर्जेसमुळे इंग्लंड २०१५चा विश्वचषक हरलं’ असं तुम्ही सहज लिहून गेलात, ते मला राहवेना.

मी सतरा वर्षं वेस्ट यॉर्कशायरमध्ये राहतोय. बर्जेसचं ड्यूजबरी इथून बसने वीस मिनिटं. लीग मला शेजारच्या आजोबांनी शिकवली, गिरणीत हयात घालवलेला माणूस. शनिवारी खेळायला गेलं की मजुरी बुडायची, ती भरून द्या म्हणून १८९५ला हडर्सफील्डच्या जॉर्ज हॉटेलात उत्तरेचे क्लब युनियनपासून वेगळे झाले, तीच लीग. आजोबा हे सांगायचे ते घरातली वाटणी कालच झाल्यासारखं.

२६ सप्टेंबर २०१५. त्याच विश्वचषकातली इंग्लंडची वेल्सविरुद्धची मॅच मी ऑफिसातल्या एकाच्या घरी बघितली. तो दक्षिणेतला, शाळेपासून युनियन खेळलेला. बर्जेसकडे बॉल आला की म्हणायचा, "ह्याला कोणी बोलावलं इथे?" समोर जेमी रॉबर्ट्ससारखा आडदांड गडी, त्याला थोपवायचं काम बर्जेसचं, आणि तो ते करत होता. तासाभराने त्याला बाहेर घेतलं तेव्हा इंग्लंड पुढे होतं. त्यानंतर वेल्सने ट्राय केला, बरोबरी केली, २८-२५ अशी आघाडी घेतली. शेवटी पेनल्टी मिळाली, तर कर्णधार रॉबशॉने बरोबरी करून देणारी गोलकिक सोडून लाइनआउट (कडेवरून बॉल आत फेकून खेळ सुरू करणं) घेतला आणि तो वाया गेला. बर्जेस तेव्हा मैदानात नव्हता!

सोमवारी कँटीनमध्ये तरी त्याचं तेच: "लीगवाल्याने घालवली." मी हा सगळा हिशेब मांडला. त्यावर त्याने सगळ्यांसमोर विचारलं, "तू किती वर्षं बघतोयस आमचा खेळ?"

आमचा! ज्या माणसाने ऑस्ट्रेलियातल्या लीगच्या २०१४च्या ग्रँड फायनलमध्ये पहिल्याच टकरीत गालाचं हाड मोडूनही पूर्ण ऐंशी मिनिटं खेळून आपल्या साउथ सिडनी क्लबला ४३ वर्षांनी विजेतेपद मिळवून दिलं, तो ह्यांच्या लेखी उपरा. मग मी कोण?

चुकलं ते खेळवणाऱ्यांचं. युनियनमधल्या त्याच्या बाथ क्लबने त्याला आधी सेंटर (मागच्या फळीतला मधला), मग फ्लँकर (पुढच्या घोळक्यातला) केलं. इंग्लंडचे प्रशिक्षक लँकेस्टरनी पुन्हा बारा नंबरला, म्हणजे सेंटरलाच, उभं केलं. तेव्हा तुम्ही जाल तिथे आधी विचारा, मला कोणत्या जागी खेळवणार? उत्तर धड आलं नाही तर कबड्डीतच थांबा. अंगावर घ्यायची तुमची सवय रग्बीत उपयोगी पडेल, पण बॉल मागे पास करणं आणि रकमधलं (जमिनीवरच्या बॉलसाठीच्या झटापटीतलं) काम मुळापासून शिकावं लागेल. वेळ मागून घ्या. रॉबिन्सन विश्वचषक खेळला तो युनियनमध्ये तीन वर्षं काढून, बर्जेस जेमतेम दहा महिन्यांत.

हेही कबूल करतो की बर्जेस त्याच नोव्हेंबरमध्ये साउथ सिडनीला परतला. आणखी एक हंगाम त्याने काढायला हवा होता, असं मलाही वाटतं. मात्र हे त्या सहकाऱ्यासमोर मी कधीच म्हणालो नाही. त्या सोमवारी ताट उचलून दुसऱ्या टेबलावर गेलो, तेव्हापासून आमच्यात रग्बीचा विषय निघालेला नाही.