हॉस्पिटलमध्ये टॅबवर फीडबॅक घेतल्यानं सेवा खरंच सुधारते का? कोणतं ॲप घ्यावं?

कोथरूडच्या तुमच्या ३० खाटांच्या हॉस्पिटलसाठी विचारताय ना? ॲप कुठलंही घ्या. पेशंटला कधी विचारता, सगळं त्यावर आहे. पुण्यात २२ वर्षं सिस्टर म्हणून काढल्यावर बोलतेय.

आमच्याकडे टॅब आला तेव्हा ठरलं, डिस्चार्जच्या वेळी नातेवाइकांच्या हातात द्यायचा. डिस्चार्ज म्हणजे काय ते तुम्हाला माहीतच आहे. डॉक्टर सकाळच्या राउंडला 'घरी जा' म्हणतात, टीपीएचं, म्हणजे विम्याचा क्लेम बघणाऱ्या एजन्सीचं, अप्रूव्हल यायला चार वाजतात. तोवर वैतागलेला माणूस एकतर पटापट पाच तारे देऊन सुटतो, नाहीतर बिलाचा राग सिस्टरवर काढतो.

खुब्याच्या ऑपरेशनच्या एका आजींच्या मुलानं नर्सिंगला एक तारा दिला. खाली लिहिलं, 'रात्री बेल दाबली तरी कुणी येत नाही.' मीटिंगमध्ये क्वालिटीच्या मॅडमनी ते पडद्यावर लावलं आणि मला मेमो. नाइटला मीच होते, काउंटरवर बेल वाजलीच नव्हती! खोलीत जाऊन बघितलं तर खाट पुढे ओढलेली आणि बेल मागे भिंतीला लोंबकळतेय. आजी टाके काढायला आल्या तेव्हा म्हणाल्या, "मला कुठं सापडत होती गं ती? मी आपला पेला आपटायचे दांड्यावर." चार रात्री! दुसऱ्या दिवशी सकाळी कुणी आजींनाच विचारलं असतं, तर गॉजच्या पट्टीनं बेल कठड्याला बांधायला दोन मिनिटं लागली असती.

मॅडमना तेव्हाच म्हटलं होतं, पेशंट ॲडमिट असतानाच विचारा. तर म्हणे, एनएबीएचला, म्हणजे हॉस्पिटलच्या दर्जाला मान्यता देणाऱ्या संस्थेला, स्कोअर दाखवायचा असतो. अहो, तक्रारीचं पुढे काय केलं, हेही तेच विचारतात.

पेशंटचा फीडबॅक घेणारी सरकारी 'मेरा अस्पताल' यंत्रणा २०१६ पासून आहे. त्यात नंतर एसएमएस किंवा फोन येतो, आणि नाराज असाल तर कारण निवडायचं: कर्मचाऱ्यांचं वागणं, स्वच्छता, खर्च, उपचार, नाहीतर 'इतर'. आजींची बेल यात कुठं बसवाल? बहुतेक जण वागण्यातच. म्हणजे परत सिस्टरच.

तेव्हा ॲडमिट झाल्याच्या दुसऱ्या दिवशी विचारा, पेशंटला विचारा, मराठीत विचारा. तक्रार कोण निस्तरणार, त्याचं नाव आधी ठरवा. तारे पगारवाढीला जोडणार असाल तर टॅब राहू द्या, त्या पैशांत रात्रपाळीला एक सिस्टर वाढवा.

एक मात्र कबूल. टॅब नसता तर ती तक्रार माझ्यापर्यंत आलीच नसती, कागदी फॉर्म आमच्याकडे थेट रद्दीत जायचे. आणि आयसीयूत यातलं फारसं चालत नाही, तिथं बहुतेक वेळा नातेवाइकांनाच विचारावं लागतं.

पुढे सगळ्या खोल्यांतल्या बेलच्या वायरी लांब करून घेतल्या. मॅडमनी त्याचा फोटो ऑडिटच्या फाइलीत 'सुधारणा' म्हणून लावला. माझा मेमो मात्र अजून कुणी मागे घेतलेला नाही.