0.05 सोडून एवढी कडक अट कशाला?

प्रश्न: ताई, मी शिवाजी विद्यापीठात एमएस्सी स्टॅटला आहे. परवा बाहेरून आलेल्या प्रोफेसरांचा स्टॅटिस्टिकल जेनेटिक्सवर (म्हणजे जीन्सचा संख्याशास्त्रानं अभ्यास) सेमिनार झाला. आम्हाला पी-व्हॅल्यू (खरा संबंध नसताना नुसत्या योगायोगानं एवढा ठळक निकाल यायची शक्यता) 0.05 पेक्षा कमी हवी असं शिकवलंय आणि ते म्हणाले 10 कोटीत 5 पेक्षा कमी पाहिजे, असं का?
– एक विद्यार्थिनी, कोल्हापूर

उत्तर: बरोब्बर पकडलंस गं! एकच टेस्ट असली की 0.05 चालतं, पण इथं उंचीसारख्या एखाद्या गुणाशी संबंध आहे का म्हणून डीएनएवरच्या लाखो जागा एकदम तपासतात, साधारण 10 लाख स्वतंत्र टेस्ट धर, मग कशाचाच संबंध नसला तरी 50 हजार जागा नुसत्या योगायोगानं 'सापडल्या' असं दिसेल, म्हणून 0.05 ला 10 लाखानं भागायचं, झालं. आणि एकेका जागेचा परिणाम अगदी बारीक, त्यामुळं सॅम्पल पण दांडगं लागतं... उंचीचंच बघ, 2022 च्या अभ्यासात 54 लाख लोक घेतले तेव्हा उंचीशी संबंध असलेल्या 12 हजारांवर जागा मिळाल्या. मला खटकतं ते हे की त्यातले बहुतेक लोक युरोपियन वंशाचे, त्यावरनं काढलेले स्कोअर (डीएनएवरनं एखाद्याच्या गुणाचा अंदाज सांगणारे आकडे) आपल्या लोकांना तितके नीट लागू पडत नाहीत, इथं तुमच्यासारख्या पोरींना भरपूर काम आहे. संख्याशास्त्रज्ञ रोनाल्ड फिशरचा 1918 चा पेपर मिळव, अवघड आहे पण एका गुणामागं अनेक जीन्स कसे, ते त्यात गणितानं मांडलंय.