टिमोथी लिअरी ऋषी होता की त्याने एलएसडीच्या संशोधनाचं वाटोळं केलं?

तुम्ही विचारलंय की तुमचा धाकटा भाऊ टिमोथी लिअरीला ऋषी मानतो, त्याची वाक्यं स्टेटसला टाकतो, आणि तुम्ही मात्र कुठेतरी वाचलंत की याच माणसामुळे एलएसडी या भास घडवणाऱ्या औषधावरचं सगळं संशोधन बंद पडलं, तर यातलं खरं काय धरायचं. मी १४ वर्षं व्यसनमुक्तीच्या क्षेत्रात समुपदेशक म्हणून काम करतेय. एमएला असताना मलाही हा माणूस भारी वाटायचा, आता तसा वाटत नाही, आणि का ते सांगायला थोडं लांबेल पण सांगते.

पहिली गोष्ट, तो कुणी ऐरागैरा नव्हता. १९२० चा जन्म, बर्कलीहून सायकॉलॉजीत पीएचडी, व्यक्तिमत्त्वाच्या निदानावरचं त्याचं १९५७ चं पुस्तक त्या काळी मानाचं समजलं जायचं, मग हार्वर्ड. १९६० च्या उन्हाळ्यात मेक्सिकोत कुएर्नावाकाला त्याने सायलोसायबिन (एलएसडीसारखाच परिणाम करणारं द्रव्य) असलेली मशरूम खाल्ली आणि तिथून त्याची दिशाच बदलली. परत येऊन तिथलाच प्राध्यापक रिचर्ड अल्पर्ट आणि इतरांसोबत हार्वर्डमध्ये प्रयोग सुरू केले, औषध स्वित्झर्लंडची सँडोझ कंपनी पुरवत होती आणि तेव्हा हे सगळं कायदेशीर होतं. औषध घेताना माणसाची मनाची तयारी कशी आहे आणि आजूबाजूची जागा, सोबतची माणसं कशी आहेत यावर अनुभव ठरतो, ज्याला सेट आणि सेटिंग म्हणतात, ही गोष्ट सगळ्यांपर्यंत पोचवली ती त्याने. त्याच्या आधीही काहींना हे जाणवलं होतं पण शब्द रूढ झाले त्याच्यामुळे, आणि आज जगात जिथे जिथे सायलोसायबिनच्या ट्रायल चालतात तिथे शांत खोली, ओळखीचा थेरपिस्ट, आधीची तयारी हे सगळं असतंच. याचं श्रेय मी त्याला मनापासून देते.

आता त्याच्या तुरुंगातल्या प्रयोगाबद्दल, कारण माझ्या मते सगळं तिथे आहे. मॅसॅच्युसेट्समध्ये कॉन्कर्डच्या तुरुंगात १९६१ ते ६३ या काळात त्याच्या टीमने ३२ कैद्यांना सायलोसायबिन दिलं, सोबत गटचर्चा घेतल्या, कल्पना अशी की आतून बदललेला माणूस सुटल्यावर परत गुन्ह्याकडे वळणार नाही. लिअरीने नंतर सांगितलं की परत तुरुंगात येणाऱ्यांचं प्रमाण खूप कमी झालं, आणि पुढची ३०-३५ वर्षं लोक हेच उदाहरण देत राहिले. मग १९९८ मध्ये रिक डॉब्लिनने जुन्या नोंदी शोधून काढून परत हिशोब केला, आणि हा डॉब्लिन काही विरोधक नव्हे बरं का, अशा औषधांना वैद्यकीय मान्यता मिळावी म्हणून आयुष्य घालवलेला माणूस आहे. त्याला दिसलं की असा काही फरक पडलेलाच नव्हता. लिअरीच्या टीमने आपले कैदी सुटून सरासरी १० महिने झाले तेव्हा मोजले होते आणि त्यांची तुलना केली होती इतर कैद्यांच्या ३० महिन्यांच्या आकड्याशी. १० महिन्यांत कमीच माणसं परत येणार ना, त्यात औषधाचं काय.

हे वाचलं तेव्हा मला धस्स झालं, कारण हे मी स्वतःच्या डोळ्यांनी बघितलंय. व्यसनमुक्ती केंद्रात फॉलोअपचं एक रजिस्टर असतं, प्रत्येक पेशंटच्या नावापुढे १, ३, ६ आणि १२ महिन्यांचे रकाने. पहिल्या रकान्यात जवळजवळ सगळीकडे 'सो' असतं, म्हणजे सोबर. तिसऱ्या महिन्याच्या रकान्यात मधेमधे 'स्लिप', म्हणजे पुन्हा घेतलं, असं दिसायला लागतं, आणि बाराव्याला पोचेपर्यंत कितीतरी नावांपुढे नुसतं 'फो.ना.', फोन उचलत नाही. मी पूर्वी जिथे होते तिथे एका वर्षी वार्षिक अहवालात तीन महिन्यांचा आकडा घातला गेला आणि तो तीन महिन्यांचा आहे हे कुठेच लिहिलं नाही. तक्ता मी टाईप केला होता. त्याच अहवालात एका पेशंटचं मनोगत छापलं होतं, नाव नव्हतं पण गावात कळलंच सगळ्यांना, आणि पाचव्या महिन्यात त्याची बायको अहवालाची घडी पर्समध्ये घालून आली, समोर ठेवली, म्हणाली मॅडम यात ते बरे झालेत असं छापलंय, मग काल रात्री मला मारलं ते कोणी? मी तिला काय उत्तर देणार होते. तेव्हापासून कुणीही यशाचा आकडा सांगितला की मी पहिलं विचारते, किती महिन्यांनी मोजलंत?

म्हणून लिअरीचा मला राग येतो तो त्याने औषधं घेतली म्हणून नाही. त्याला आशा वाटत होती आणि त्याने ती पुरावा म्हणून सांगितली, आणि ज्यांच्या जिवावर सांगितली ते कैदी होते, ज्यांना परत आत गेल्यावर कोणी विचारायला आलं नाही. सुटल्यानंतर बाहेर आधारगट चालवायचे असं मूळ योजनेत होतं, ते नीट झालंच नाही. आफ्टरकेअर नसेल तर कुठलीच गोळी, कुठलंच शिबिर टिकत नाही.

असाच दुसरा प्रयोग बॉस्टनच्या मार्श चॅपलमधला. १९६२ चा गुड फ्रायडे, धर्मशास्त्राचे २० विद्यार्थी, अर्ध्यांना सायलोसायबिन, अर्ध्यांना दुसरं साधं औषध, वरच्या मजल्यावर हॉवर्ड थर्मन प्रवचन देतायत (हेच थर्मन १९३६ मध्ये बार्डोलीला गांधीजींना भेटून गेले होते) आणि खाली तळघरातल्या छोट्या चॅपलमध्ये स्पीकरवरून ते ऐकू येतंय. प्रयोग हार्वर्डचा पीएचडीचा विद्यार्थी वॉल्टर पान्के याचा, लिअरी त्याच्या पाठीशी. बऱ्याच जणांना खरंच खोल धार्मिक अनुभव आला आणि २५ वर्षांनंतरही ते तसंच सांगत होते, हे खोटं नाही. पण एक मुलगा इतका बिथरला की त्याला इंजेक्शन देऊन शांत करावं लागलं, आणि ते पान्केच्या प्रबंधात आलंच नाही, तेही नंतर डॉब्लिननेच उजेडात आणलं.

आता तुमचा मुख्य प्रश्न, संशोधन त्याच्यामुळे बंद पडलं का. एकट्यामुळे नाही. थॅलिडोमाईडच्या शोकांतिकेनंतर १९६२ मध्ये अमेरिकेत औषधांचा कायदा कडक झाला, त्यानंतर कुठल्याही नव्या औषधाला नीट तुलनात्मक चाचण्या लागायला लागल्या, आणि एलएसडी घेतलंय की नाही हे पेशंटला लगेच कळतं, त्यामुळे त्या चाचण्या करणंच अवघड. शिवाय रस्त्यावर एलएसडी पोचवायला लिअरी एकटा नव्हता, अमेरिकेच्या पश्चिम किनाऱ्यावर कादंबरीकार केन केसी होता आणि त्याला ते पहिल्यांदा मिळालं ते सीआयएच्या पैशाने चाललेल्या प्रयोगात, सरकारी इस्पितळात! सँडोझने १९६५ मध्ये पुरवठा थांबवला, १९७० च्या कायद्याने एलएसडी सगळ्यात कडक यादीत गेलं, तरी मेरीलँडमध्ये थोडं काम सत्तरच्या दशकातही चालू होतंच.

पण म्हणून तो सुटत नाही. हार्वर्डमधून १९६३ मध्ये त्याला काढलं (कागदावर कारण वर्ग न घेतल्याचं, अल्पर्टला मात्र पदवीच्या विद्यार्थ्याला औषध दिल्याबद्दल) आणि मग तो प्रचारकच झाला. १९६६ मध्ये एका खूप खपाच्या मासिकाला मुलाखत देताना त्याने सांगितलं की एलएसडीने समलैंगिकता 'बरी' होते, बायकांना शेकडो वेळा लैंगिक सुख मिळतं वगैरे. जानेवारी १९६७ मध्ये सान फ्रान्सिस्कोच्या गोल्डन गेट पार्कात हजारो पोरांपुढे 'टर्न ऑन, ट्यून इन, ड्रॉप आऊट' ही घोषणा, थोडक्यात जाणीव जागी करा, सूर जुळवा आणि चाकोरी सोडा. लेखक आल्डस हक्सली आणि मानसोपचारतज्ज्ञ हम्फ्री ऑस्मंड यांचं म्हणणं सुरुवातीपासून होतं की हे गाजावाजा न करता, सावकाश करू. ऑस्मंड कॅनडात सस्कॅचवानमध्ये दारूच्या पेशंटवर एलएसडी वापरून बघत होता, एएचे (अल्कोहोलिक्स ॲनॉनिमस, दारू सोडणाऱ्यांचे आधारगट) संस्थापक बिल विल्सन यांनीसुद्धा १९५६ मध्ये डॉक्टरांच्या देखरेखीखाली ते घेतलं होतं, म्हणजे माझ्या पेशंटांच्या उपयोगाचं जे काम चाललं होतं ते. त्या डॉक्टरांना नंतर तोंड लपवायची वेळ आली आणि त्यात लिअरीचा वाटा मोठा आहे असं माझं मत.

त्याच्यावर अन्यायही झाला, तेही सांगायला हवं. डिसेंबर १९६५ मध्ये टेक्सासच्या सीमेवर थोडासा गांजा सापडला, तो १८ वर्षांच्या मुलीजवळ होता, याने जबाबदारी स्वतःवर घेतली, शिक्षा किती तर ३० वर्षं. १९६९ मध्ये सुप्रीम कोर्टाने ती रद्द केली आणि गांजाचा १९३७ चा कर-कायदाच त्या निकालाने निकामी झाला. पुढच्या केसमध्ये पुन्हा आत, १९७० मध्ये तुरुंगातून पळाला, अल्जीरिया, स्वित्झर्लंड, १९७३ मध्ये काबूलला पकडला, आणि मग सुटकेसाठी एफबीआयला माहिती द्यायला लागला. चाहते म्हणतात त्याने कुणाचं खास नुकसान झालं नाही. पण १९७४ मध्ये सान फ्रान्सिस्कोत पत्रकार परिषद घेऊन ज्यांनी त्याचा निषेध केला त्यात कवी ॲलन गिन्सबर्ग होता, अल्पर्ट होता आणि त्याचा स्वतःचा मुलगा होता. मुलीने १९९० मध्ये तुरुंगात जीव दिला. पहिल्या बायकोने त्याच्याच ३५ व्या वाढदिवशी आत्महत्या केली होती, औषधांशी त्याचा संबंध येण्याच्या पाच वर्षं आधी, म्हणून सगळं खापर एलएसडीवर फोडू नका, पण त्या घरातल्या मुलांना किती एकटं वाटलं असेल याचा विचार माझ्या मनातून जात नाही.

आपल्याकडे लोकांना एवढंच माहीत की हिप्पी हणजूणला आले आणि गोव्यात चरस आला. लिअरी स्वतः १९६५ मध्ये नव्या बायकोबरोबर काही महिने अल्मोड्याला कसारदेवीजवळ राहून गेलाय. अल्पर्ट १९६७ मध्ये आला तो नीम करोली बाबांचा शिष्य, राम दास होऊन परतला, आणि नंतर ज्या सेवा फाउंडेशनच्या स्थापनेत तो होता त्यात मदुराईच्या अरविंद नेत्रालयाचे डॉ. वेंकटस्वामीही होते. त्या कामातून किती गरिबांचे मोतीबिंदू निघाले! लिअरी आणि अल्पर्ट दोघं एकाच वर्षी हार्वर्डबाहेर पडले होते.

आणि संशोधन आता परत सुरू आहे. अमेरिकेत दारूच्या ९३ पेशंटांवर सायलोसायबिनची चाचणी झाली, २०२२ मध्ये छापून आली, मोजणी ३२ आठवड्यांची आणि दोन्ही गटांची सारखी. अति दारू प्यायलेले दिवस औषधाच्या गटात साधारण १० टक्के, दुसऱ्या गटात साधारण २४. बहुतेकांनी आपल्याला काय मिळालंय ते बरोबर ओळखलं होतं, हा दोष त्यांनी स्वतःच लिहून ठेवलाय. मी तो पेपर दोनदा वाचला, अक्षरशः डोळ्यांत पाणी आलं.

भावाशी भांडू नका, त्याला कॉन्कर्डचे १० आणि ३० महिने सांगा आणि त्याला काय वाटतं ते विचारा. पण तो नुसतं वाचत नसून घ्यायच्या विचारात असेल तर दोन गोष्टी आजच बोला. घरात, आजोळी, काका-आत्यांत कुणाला स्किझोफ्रेनिया किंवा बायपोलर होता का, कारण अशा घरातल्या मुलांना या ट्रायलमध्ये सहसा घेत नाहीत, आणि आपल्याकडे ही माहिती मुलांपासून लपवलेली असते. दुसरं, एनडीपीएस या अमली पदार्थांच्या कायद्यात एलएसडीचं व्यावसायिक प्रमाण फक्त ०.१ ग्रॅम आहे, तेवढं जवळ सापडलं तर किमान १० वर्षं सक्तमजुरी, आणि एलएसडी म्हणून जो कागदाचा तुकडा विकतात त्यात भलतंच रसायनही असू शकतं. आजोळचं आईला विचारा, तिला माहीत असेल.